जुन्या कार्डाची शिट्टी

मशीन सुरू झालं, आतले पंखे घुमले, पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली आणि थांबली. धाकट्यानं शेवटची ओळ वाचली. मग चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचली. चष्म्याचा काही दोष नव्हता. नव्या सिस्टीमच्या मते त्या पेटीत एकही मोठी डिस्क नव्हती. सिस्टीम ज्या चिमुकल्या डिस्कवर बसवली होती तेवढी ती दाखवत होती. ज्या दोन डिस्कांवर स्टुडिओतले सगळे आवाज होते, त्यांचा पत्ताच नव्हता.

आणि मागे ताई उभी होती.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आणि या स्टुडिओची ध्वनिमुद्रक. गळ्याच्या ऑपरेशननंतर ती आज पहिल्यांदाच इथे आली होती. गळ्याभोवती रुमाल, एका हातात छोटी पांढरी पाटी, दुसऱ्या हातात मार्कर. डॉक्टरांनी गाठ काढली ती स्वरयंत्रासकट. जीव वाचला, आवाज गेला तो कायमचा. पण ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात तिनं स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. तो ऐकून एक प्रोग्राम तिच्यासारखं बोलायला शिकणार होता. तिनं टाइप करायचं, मशीननं तिच्या आवाजात बोलायचं. ते रेकॉर्डिंग त्या दोन डिस्कांवर होतं, आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हतं.

"झालं का रे?" दारातून वाचक काकांनी विचारलं.

"होतंय, होतंय," धाकटा म्हणाला. माणूस होतंय हे दोनदा म्हणतो तेव्हा ते होत नसतं, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. तिनं पाटीवर काही लिहिलं नाही, नुसती त्याच्या मानेकडे बघत राहिली.

या स्टुडिओत ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशांसाठी पुस्तकं वाचली जात. जागा म्हणजे दोनच खोल्या. एका खोलीच्या भिंतींना करडा फोम लावलेला, मध्ये माइक, टेबल आणि वाचक काकांची न करकरणारी खुर्ची. दुसऱ्या खोलीत ताईचं टेबल, मशीन आणि मधल्या भिंतीत जाड काच. काका अर्धं आयुष्य इथे वाचत आले होते आणि ताई अर्धं आयुष्य त्यांना थांबवत आली होती. "काका, पोट बोलतंय तुमचं. दोन बिस्किटं खा, मग पुढे वाचा." "काका, पान जरा हळू उलटा, भाकरी थापताय का?" तिचे कान म्हणजे कान नव्हते, पोलीस होते. बाहेरच्या रस्त्यावर कोणी कुलूप लावलं तरी तिला इथे कळायचं.

आणि प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी तिची एक आरोळी ठरलेली. "पंखा बंद!" छतावरच्या पंख्याची घरघर माइकला लागते म्हणून. ती आरोळी आली की जो कोणी बटणाजवळ असेल त्यानं झेप घ्यायची, काकांनी खोकून घ्यायचं असेल तर तेवढ्यात घ्यायचं, आणि मग कोणी श्वाससुद्धा मोठ्यानं घ्यायचा नाही. एकदा पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांनाही तिनं असंच दामटलं होतं. साहेब निमूट उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

गंमत अशी, की सगळ्यांचे आवाज टिपणाऱ्या या बाईचा स्वतःचा आवाज कुठेच नव्हता. घरातल्या लग्नाच्या व्हिडिओतही ती ओठांवर बोट ठेवून इतरांना गप्प करताना दिसते. फोनवर आवाजी निरोप पाठवायचा तिला भयंकर तिटकारा. "माझा आवाज कोण ऐकणार रे? कर्कश आहे." डॉक्टरांनी तारीख दिली तेव्हा कुठे तिनं माइकसमोर बसायचं कबूल केलं. आवाज तयार करणाऱ्या बाईंनी वाचायला वाक्यांचा मोठा गठ्ठा पाठवला होता. धाकटा त्या आठवड्यात कामानिमित्त परगावी होता. ताईनं काकांना काचेमागे बसवलं, बटणं शिकवली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतः फोमच्या खोलीत गेली.

पुरं झालेलं प्रत्येक पुस्तक अंधांच्या ग्रंथालयात जायचं, म्हणजे त्याची एक प्रत तिकडे असायची. ताईची वाक्यं काही पुस्तक नव्हती, म्हणून ती कुठेच गेली नाहीत. धाकट्याला त्याची काळजी वाटली नाही. "ताई, डिस्का दोन आहेत," तो सांगायचा. "जे एकीवर, तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी आहेच."

हे दोन ठिकाणी लिहिण्याचं काम एक कार्ड करायचं. दोन्ही डिस्का त्या कार्डाला जोडलेल्या आणि कार्ड मशीनला. जुनं, जड, हिरवं कार्ड. कुठल्यातरी बंद पडलेल्या कार्यालयातून धाकट्यानं ते स्वस्तात उचललं होतं आणि त्याचा त्याला फार अभिमान. सिस्टीमही फुकटची, ओपन सोर्स, जगभरची माणसं मिळून सांभाळतात ती. आजवर सगळं सुरळीत चाललं होतं. पण आवाजाच्या नव्या प्रोग्रामला सिस्टीमची नवीच आवृत्ती हवी होती, म्हणून आज सकाळी त्यानं जुनी आवृत्ती पुसून नवी बसवली. ताईच्या देखत बसवायची, तिच्या देखत आवाज काढून दाखवायचा, असा त्याचा थाट होता.

आता थाट उतरला होता. त्यानं फोनवर शोधाशोध सुरू केली आणि थोड्याच वेळात उत्तर सापडलं. कुठल्याशा मंचावर त्याच्यासारख्याच एका रडकुंडीला आलेल्या माणसानं तेच विचारलं होतं आणि खाली कोणीतरी शांतपणे लिहिलं होतं: या कार्डाची ओळख सिस्टीमला पटवून देणारा ड्रायव्हर नव्या आवृत्तीतून काढून टाकला आहे. सांभाळायला कोणी उरलं नव्हतं. आवृत्तीसोबतच्या टिपणांत तसं स्पष्ट लिहिलं आहे, कृपया आधी वाचत जा.

धाकटा चपापला. ऑफिसात नव्या पोरांना 'आधी वाच' म्हणून झापणारा तोच. ती टिपणं त्यानं उघडलीसुद्धा नव्हती.

"ताई, काही नाही, कार्ड जुनं झालंय एवढंच," तो म्हणाला. "डिस्कांना काही झालेलं नाही. सिस्टीम या कार्डाला ओळख दाखवत नाही."

ताईनं लिहिलं: मग जुनी सिस्टीम घाल.

तेच शहाणपणाचं होतं. जुनी आवृत्ती परत घालायची, डिस्का उघडायच्या, आवाज बाहेर काढून ठेवायचा आणि मग काय हवे ते उद्योग करायचे. पण धाकट्याच्या अंगात आता जिद्द शिरली होती, आणि जिद्द शिरली की त्याची अक्कल बाहेर फिरायला जाते, असं आई नेहमी म्हणायची. मंचावरच्या त्याच माणसानं पुढे आणखी एक उपाय लिहिला होता. हे कार्ड डिस्कांवर सरळ साधं लिहितं, त्यात आपली काही भेसळ करत नाही. तेव्हा ते काढा, डिस्का एखाद्या साध्या कार्डाला लावा, सिस्टीमला त्या तशाच वाचता येतील. जोडीनं लिहायचं काम सिस्टीम स्वतःच करील.

साधं कार्ड त्याच्या पिशवीत होतंच. त्यानं पेटी उघडली, जुनं हिरवं कार्ड उपटून टेबलावर ठेवलं, नवं खोचलं, तारा बदलल्या. मशीन पुन्हा सुरू झालं. पांढरी अक्षरं धावली आणि या वेळी दोन्ही डिस्का दिसल्या, एक वरच्या कप्प्यातली, एक खालच्या.

"आहेत!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की काकांचा चहा बशीत सांडला.

त्यानं वरची डिस्क उघडली. पुस्तकांची नावं रांगेनं आली. शेवटी 'ताई' नावाचा फोल्डर. त्यातली पहिली फाइल त्यानं वाजवली. आधी थोडी शांतता, मग एक खाकरणं, आणि मग खोलीत ताई बोलली.

"एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. काका, काटा हलतोय का? लालमध्ये जाऊ देऊ नका हं. लाल म्हणजे वाईट."

काकांनी कप खाली ठेवला. ताईनं पाटी छातीशी धरली होती आणि तिचे डोळे स्पीकरवर खिळले होते. ऑपरेशननंतर तिनं स्वतःचा आवाज ऐकला नव्हता. धाकट्याला एकदम भरून आलं. घरात गेले दोन महिने जी शांतता पसरली होती ती त्याला किती असह्य झाली होती, हे त्याला त्या क्षणी कळलं.

त्याचा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडलेल्या माणसासारखा तो सैल झाला. आता जोडी जमवून टाकू, मग निवांत चहा पिऊ, असं म्हणून त्यानं नव्या सिस्टीमला सांगितलं: वरची डिस्क मूळ धर, खालची तिची जोडीदार कर. सिस्टीमनं विचारलं, खालच्या डिस्कवरचं सगळं पुसून वरच्याची नक्कल केली जाईल, नक्की? दोन्हींवर एकच तर आहे, पुसलं तर काय बिघडलं? त्यानं हो म्हटलं. नक्कल सुरू झाली. टक्क्यांचा आकडा हळूहळू चढू लागला.

"काका, चहा टाका!"

काका चहा टाकायला गेले. ताई दुसऱ्या पडद्यासमोर बसली आणि स्वतःचा फोल्डर चाळू लागली. पहिली फाइल, दुसरी, तिसरी. मग तिचा हात थांबला. तिनं खाली सरकवलं, वर सरकवलं, पुन्हा खाली. धाकट्याच्या खांद्यावर तिनं बोटानं टकटक केलं.

पाटीवर लिहिलं होतं: बाकीचं कुठे?

"खाली असेल ना, सरकव."

तिनं मान हलवली. पाटी पुसली, पुन्हा लिहिलं: हे फक्त पहिल्या सकाळचं. मी आठवडाभर वाचत होते.

धाकट्यानं पाहिलं. खरंच होतं. पहिल्या सकाळच्या थोड्या फाइली, त्याही नुसत्या काटा तपासण्याच्या, आणि पुढे काहीच नाही. काकांच्या पुस्तकांचंही तसंच. ताईच्या गैरहजेरीत काका एकट्यानंच मुद्रित करत होते ते पुस्तक अर्ध्यात तुटलेलं. जणू त्या दुपारी या डिस्कनं लिहिणंच सोडून दिलं होतं.

आणि मग त्याला कळलं. तिनं खरंच लिहिणं सोडून दिलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, त्या दुपारी, वरची डिस्क जोडीतून बाहेर पडली होती आणि कार्डानं तिला वगळून पुढचं सगळं एकट्या खालच्या डिस्कवर लिहिलं होतं. ताईचा अख्खा आठवडा फक्त खालच्या डिस्कवर होता. आणि त्या खालच्या डिस्कवर तो स्वतः, आत्ता, स्वतःच्या हातानं, वरच्या डिस्कचं शिळं चित्र उमटवत होता. तो चहाची वाट बघत असताना ते चाललं होतं.

त्यानं बटण शोधलं नाही, आज्ञा लिहिली नाही. टेबलाखाली घुसून भिंतीतला प्लगच उपटला. मशीन गप्प झालं. तो तिथेच जमिनीवर बसून राहिला, हातात प्लग.

"काय झालं? वीज गेली का?" काका कप घेऊन आत आले.

"काका, मी ताईचा आवाज पुसला," तो म्हणाला.

काकांच्या हातातले कप तिरके झाले. ताई उभी होती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा आधी कोरा, मग पांढराफटक. धाकट्यानं तो पाहिला आणि नजर खाली घातली.

पण त्याचं डोकं आता भणभणत होतं, आणि भणभणत्या डोक्यात एक प्रश्न आला. डिस्क बाहेर पडली तर कार्डानं सांगितलं कसं नाही? ही कार्डं ओरडतात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं त्याची तब्येत दाखवणारा प्रोग्राम ओपन सोर्सवाल्यांसाठी कधी काढलाच नव्हता, म्हणून पडद्यावर काही येणार नाही, हे तो जाणून होता. पण त्याच कारणासाठी कार्डावर एक भोंगा असतो, बोटाच्या पेराएवढा, काळा, गोल. डिस्क गेली की तो शिट्टी घालतो. डिस्क बदलेपर्यंत घालतच राहतो. असा शिट्टी घालणारा भोंगा अख्ख्या आठवड्यात कोणाला ऐकू आला नाही? तेही या स्टुडिओत?

त्यानं टेबलावरचं हिरवं कार्ड उचललं आणि उजेडात धरलं. भोंगा जागेवर होता. त्याच्या तोंडात करड्या फोमचा एक बोळा कोंबलेला होता आणि त्यावरून नीट, आडवी-उभी चिकटपट्टी. फोम माइकवर चढवतात तो. चिकटपट्टीची टोकं दुमडलेली, म्हणजे काढायला सोपी जावी. अशी टोकं जगात एकच माणूस दुमडतं.

"ताई?" तो म्हणाला.

ताईनं कार्डाकडे पाहिलं. मग तिचा हात आपोआप तोंडावर गेला.

"हे तू केलंस?"

तिनं मान हलवली. हो.

"तुला शिट्टी ऐकू आली?"

हो.

"ती शिट्टी सांगत होती, ताई! डिस्क मेली, डिस्क मेली, हेच सांगत होती! त्या कार्डाला बोलायला तेवढीच एक जागा होती आणि तू तिच्यात बोळा कोंबलास? मला फोन करता येत नव्हता? एक फोन! तुझे ते कान, सगळ्या जगाचं ऐकतात, आणि एवढं कळलं नाही की मशीन उगाच ओरडत नाही? आणि वर कोणाला सांगितलंही नाहीस?"

"अरे," काका म्हणाले.

"नाही काका, बोलू द्या मला! मी दोन महिने..."

"ती उत्तर देऊ शकत नाही, म्हणून इतका आवाज चढवतोयस का?" काका म्हणाले. पुस्तक वाचतात त्याच संथ आवाजात.

धाकट्याच्या तोंडात मारल्यासारखं झालं. खोलीत फक्त मार्करचा आवाज येत होता. ताई पाटीवर इतक्या जोरात लिहीत होती की मार्करचं टोक आत गेलं आणि शेवटची अक्षरं फिकट उमटली. तिनं पाटी वळवली.

रेकॉर्डिंग चालू होतं.

बस, एवढंच. त्यानं ते वाचलं आणि त्याचा राग कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या कोणी हे लिहिलं असतं तर ती सबब ठरली असती. पण तो लहानपणापासून या बाईला ओळखत होता. रेकॉर्डिंग चालू असताना खोलीत किणकिण झाली तर ती आधी किणकिण मारते, मग विचारते कसली होती. आणि या खेपेला विचारायचं राहून गेलं, कारण आठ दिवसांनी तिला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं होतं. मार्कर उघडाच टाकून ती फोमच्या खोलीत गेली आणि काचेपलीकडे पाठमोरी बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. ती जाड काच नसती तरी काही ऐकू आलं नसतं, हे त्याच्या मनात आलं आणि मग तोही रडला.

पुढचे दिवस त्यानं कामावर रजा टाकली. आता मात्र तो एकेक पाऊल वाचून टाकत होता. आधी खालच्या डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर घेतली, खरी डिस्क काढून कपाटात ठेवली आणि प्रतीवर शोधकाम सुरू केलं. नक्कल डिस्कच्या सुरुवातीपासून चढत गेली होती, शेवटापर्यंत पोचली नव्हती. म्हणजे मागच्या भागात जे लिहिलं गेलं होतं ते वाचलं असण्याची आशा होती. कुठे काय लिहिलं गेलं हे मात्र कोणाच्याच हातात नव्हतं. फाइलींची नावं गेली होती. प्रोग्राम मातीतून खापरं उकरावीत तसे आवाजाचे तुकडे उकरून देत होता, आणि प्रत्येक तुकडा कोणाचा हे ऐकूनच ठरवायचं होतं.

ऐकायला ताईच बसली. तिच्याइतकं कोणाला जमलं असतं? हेडफोन लावून, डोळे मिटून. काकांचा तुकडा असला की बोट डावीकडे, तिचा असला की उजवीकडे. उजवीकडे बोट फार क्वचित जात होतं.

गठ्ठ्यातली वाक्यं जवळजवळ सगळी गेली होती. ती स्वच्छ, सावकाश, एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखी वाचलेली वाक्यं. उरलं होतं ते मधलं. दोन वाक्यांमधलं बोलणं ती कधीच टाकून द्यायची नाही, 'कामाला येतं' म्हणून वेगळं साठवायची. काकांवर ओरडणं. पाणी मागणं. स्वतःच्याच चुकीवर "शी, गाढव कुठली" म्हणणं. आणि पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी, पंख्याची आरोळी.

एका दुपारी ताईनं एकदम हेडफोनची तार उपटली, म्हणजे आवाज खोलीत यावा. तिनं धाकट्याला आणि काकांना खूण केली.

स्पीकरमधून तिचा आवाज आला, एक वाक्य वाचत असलेला. आणि त्याच्यामागे, बारीक, दूर, काचेपलीकडून येणारी शिट्टी. पी. पी. पी. वाक्य मध्येच तुटलं.

"काका, ही कसली शिट्टी?"

मग काकांचा लांबून आवाज. "मशीनमधून येतेय वाटतं. धाकट्याला विचारू का फोन करून?"

"नको हो, तो तिकडे कामात असेल. उगाच घाबरेल आणि धावत येईल. थांबा, मीच बघते."

खुर्ची सरकल्याचा आवाज. दार. शिट्टी एकदम मोठी, मग हळूहळू दबत दबत बंद. पुन्हा दार.

"हं. मेली एकदाची. चला काका. पंखा बंद!"

तुकडा संपला. काका मटकन खुर्चीत बसले. "मी म्हटलं होतं," ते पुटपुटले, "आणि मग मीही विसरलो. मला काय कळतंय त्यातलं." धाकट्याला बहिणीकडे बघवेना. स्वतःच्या आवाजाचा गळा दाबतानाचा स्वतःचाच आवाज तिनं आत्ता ऐकला होता, आणि तो गळा तिनं दाबला होता तो भाऊ घाबरू नये म्हणून. त्यानं तिच्यावर जे तोंडसुख घेतलं होतं, ते आठवून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ताईनं हेडफोनची तार परत खोचली आणि पुढचा तुकडा लावला.

आवाज बनवणाऱ्या बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वाचलेलं काहीच नाही? नुसतं बोललेलं?"

"बोललेलंही नाही हो," धाकटा म्हणाला. "ओरडलेलं."

"पाठवा तर खरं. बघू. पण एक सांगून ठेवते, प्रोग्राम जे ऐकतो तेच शिकतो. आवाज गोड येणार नाही."

"आमच्याकडे तो कधीच नव्हता," धाकटा म्हणाला.

या वेळी त्यानं ते तुकडे स्वतःच्या घरी ठेवले, काकांच्या घरी ठेवले, ग्रंथालयात ठेवले, आणि मग पाठवले.

आवाज तयार होऊन आला त्या दिवशी स्टुडिओत उकडत होतं. छतावरचा पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. काका त्यांच्या न करकरणाऱ्या खुर्चीत वारा खात बसले होते, धाकटा दाराजवळच्या स्टुलावर. ताईच्या मांडीवर टाइप करून बोलण्यासाठी आणलेला छोटा संगणक. तिनं बोटं उचलली आणि मग तशीच हवेत धरून ठेवली. काय टाइप करावं हे तिला सुचत नसावं. धाकट्याला वाटलं, ती आपलं नाव टाइप करील, किंवा आईबद्दल काही, किंवा नुसतं एक, दोन, तीन. आपण या वेळी रडायचं नाही, असं त्यानं घरूनच ठरवून आणलं होतं.

तिनं टाइप केलं आणि बटण दाबलं.

"पंखा बंद!"

काकांनी घाईघाईनं एकदा खोकून घेतलं आणि ते ताठ बसले. खोली चिडीचूप झाली. पंख्याची पाती सावकाश होत होत थांबली, आणि तेव्हा कुठे धाकट्याच्या लक्षात आलं की आपण स्टुलावर नाही. तो भिंतीपाशी उभा होता, बटणावर हात ठेवून. कधी उठला, कधी झेप घेतली, त्याला काहीच आठवत नव्हतं. त्यानं वळून ताईकडे पाहिलं. ती त्याच्या हाताकडे बघत होती, डोळे विस्फारून, आणि मग आवाज न करता हसू लागली, खांदे गदगदवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्याला बटणावरचा हात काढता येईना.